वाईच्या जुन्या आळ्या वाचवायच्या तर सुरुवात कुठून करायची?

हळदवाला_वाई

नमस्कार मंडळी. वाईत आमचं हळदीचं दुकान आहे, आजोबांच्या काळापासूनचं. पुढं दुकान, मागं वाडा. आमच्या आळीतला एक मोठा वाडा पावसाळ्याच्या तोंडावर पाडला. सागवानी खांब, तुळया, कडीपाट, नक्षीचे हस्त (तुळईखालचे लाकडी आधार), सगळं ट्रकात भरून जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडं गेलं. त्याच्या शेजारच्या वाड्याच्या दारावर आता धोकादायक इमारतीची नोटीस लागली आहे. मला हे बघवत नाही, म्हणून जाणकारांना विचारतोय.

महाबळेश्वरला जाताना वाटेत लागणारं गाव एवढीच ज्यांना वाई माहीत आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कृष्णेच्या काठाकाठानं इथं सात आळ्या आहेत: भीमकुंड आळी, मधली आळी, धर्मपुरी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि गंगापुरी. थंडीच्या अखेरीपासून कृष्णाबाईचा उत्सव एका आळीकडून दुसरीकडं जात राहतो. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी बोललेल्या नवसापासून तो सुरू झाला असं इथं सगळे मानतात. ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ सालचं, गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं. त्याची मागची बाजू माशासारखी निमुळती केली आहे, पुराचं पाणी दोन्हीकडं फाकावं म्हणून. गावाला प्राज्ञपाठशाळेची परंपरा आहे, मराठी विश्वकोशाचं काम इथून चाललं. जवळच मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि वसईहून आलेली ती पोर्तुगीज घंटा.

देवळांची मला काळजी नाही. त्यांना भक्त आहेत, विश्वस्त आहेत. काळजी आहे ती दोन देवळांच्या मधल्या घरांची. ओळीनं असलेली दगडी जोती, ओटे, दिंडी दरवाजे, वरचे लाकडी सज्जे, यांनीच आळी आळीसारखी दिसते. उत्सवात पालखी निघते तेव्हा दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसं उभी असतात. ओटेच गेले तर ती माणसं उभी कुठं राहणार? ही घरं कोणाच्या यादीत नाहीत. त्यांच्यावर पाटी नाही, त्यांना कोणी बघायला येत नाही, आणि ती एकेक करून जातायत.

आता माझंच घर घ्या. सातबाऱ्यासारखंच मिळकत पत्रिकेवर नावांचं जंगल झालंय. बारा हिस्सेदार. कोणी पुण्यात, कोणी ठाण्यात, एक आत्या बडोद्याला, एक चुलतभाऊ न्यू जर्सीत. दरवर्षी कौलं परतायची, फुटकी बदलायची, पन्हळी काढायची ती मीच. नदीकडच्या भिंतीचा पाया ओल धरतो. दुरुस्तीसाठी कर्ज मागितलं तर मंजूर नकाशा आणा म्हणाले. पेशव्यांच्या काळातल्या घराचा मंजूर नकाशा कुठून आणू? ठेकेदार आला की त्याचं एकच: "शेठ, ह्याच्यात पैसे घालू नका, पाडा, खाली गाळे काढा, वर फ्लॅट." नवीन बांधायचं म्हटलं तर सगळे मदतीला उभे. आहे ते नीट करायचं म्हटलं की एकही दार उघडत नाही.

म्हणून विचारतो. सबंध आळीला संरक्षण मिळेल असा काही कायदा आहे का? दुरुस्ती परवडेल अशी कशी करायची? आणि हिस्सेदारांना एकत्र आणायचा मार्ग कोणाला सापडलाय का? ज्यांनी स्वतः काही केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

---

चुना_आणि_माती

दादा, मी वास्तुविशारद आहे आणि जुन्या घरांच्या दुरुस्तीचंच काम करते. आधी त्या नोटिशीबद्दल, कारण ते तातडीचं आहे. नगरपरिषद अधिनियम १९६५ च्या कलम १९५ खाली ती आली असेल. धोका दूर करा असा तिचा अर्थ असतो, आणि धोका दुरुस्तीनंही दूर होतो. शेजाऱ्यांना सांगा, लगेच लेखी उत्तर द्या, तात्पुरते टेकू लावा, त्याचे फोटो जोडा आणि दुरुस्तीचं वेळापत्रक द्या. गप्प बसलात तर पाडण्याखेरीज पुढचं पाऊल उरत नाही.

स्ट्रक्चरल ऑडिट कोणाकडून करून घेताय ते फार महत्त्वाचं. काँक्रीट तपासायची सवय असलेला माणूस लाकडी सांगाड्याचं घर पाहून "आयुष्य संपलं" असं लिहून मोकळा होतो. वाड्यात भार कुठून कुठं जातो हे समजलं पाहिजे: कडीपाटावरून तुळईवर, तुळईवरून हस्तावर, तिथून खांबावर, खांबाखालच्या तळखड्यावर. भेंड्यांची (मातीच्या कच्च्या विटांची) किंवा पांढऱ्या मातीची भिंत बऱ्याच ठिकाणी नुसती भरणीची असते. ती फुगलेली दिसली तरी सांगाडा ठणठणीत असू शकतो. उलटही होतं. बाहेरून भिंत गुळगुळीत आणि आत तुळईचं भिंतीत गेलेलं टोक वाळवीनं पोखरलेलं. मी पहिल्यांदा तीच टोकं ठोकून आणि टोचून बघते. टोक गेलं असलं तरी अख्खी तुळई बदलावी लागत नाही. कुजलेलं कापून त्याच जातीच्या वाळलेल्या लाकडाचा सांधा देता येतो. हे काम करणारे सुतार अजून आहेत.

तुमच्या नदीकडच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा आहे का? बहुतेक असणारच. जोत्यातून चढणारी ओल पूर्वी चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर उडून जायची. सिमेंटनं ती वाट बंद होते, मग पाणी भिंतीत वर वर चढतं आणि मातीचा गाभा भिजून खाली बसतो. सिमेंट खरवडून काढा, एक उन्हाळा भिंत उघडी राहू द्या, मग चुना करा. चुना आधी नीट विरवायचा, वाळूबरोबर चुन्याच्या घाण्यात मळायचा. पूर्वी गूळ, हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर घालत, अजूनही घालतात. ओल येते कुठून तेही शोधा. निम्म्या वेळा ती नदीची नसतेच. पन्हळ फुटलेली असते, नाहीतर रस्ता वर्षानुवर्षं डांबरावर डांबर चढून जोत्याच्या वर आलेला असतो आणि पाणी घरात उतरतं. असं असेल तर भिंतीवर खर्च करायच्या आधी रस्ता खरवडून खाली घ्यायला लावा. जुन्या आळीसाठी मी कोणतंही एकच काम निवडायचं झालं तर हेच निवडीन.

आणि सगळं एकदम करू नका. पहिल्या वर्षी छप्पर आणि पाणी, दुसऱ्या वर्षी लाकूड, भिंती त्यानंतर. छप्पर गळायचं थांबलं की घर वाट पाहू शकतं.

---

कसब्यातला_वारस

मी दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. पुण्यात कसब्यात आमचा वाडा होता. होता. सहा भाडेकरू, त्यातल्या तिघांचं मिळून महिन्याचं भाडं एका गॅस सिलिंडरच्या खाली. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं वर्षाला ४ टक्के वाढ दिली, पण मूळ रकमाच इतक्या लहान की त्यावर ४ टक्के म्हणजे काय? दुरुस्ती मात्र कायद्यानं मालकाची जबाबदारी. वडिलांनी आयुष्यभर छपराला प्लास्टिक बांधलं. शेवटी आम्ही विकसकाला दिलं. आईनं म्हातारपणी स्वच्छ संडास आणि लिफ्ट बघितली, त्याचं मला समाधान आहे.

वाडा बघायला येणारे, फोटो काढणारे, "अरेरे, पाडलात?" म्हणणारे खूप भेटले. आमच्याबरोबर पावसाळ्याच्या रात्री बादल्या लावायला कोणी आलं नाही. वारसा सगळ्या गावाचा आणि खर्च एकट्या घरवाल्याचा, हे बदलल्याशिवाय कोणालाही "पाडू नका" म्हणायचा हक्क नाही असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

एक गोष्ट मात्र तेव्हा आम्हाला कोणी सांगितली नाही, ती सांगतो. दुरुस्तीसाठी जागा रिकामी करून घ्यायची आणि काम झाल्यावर भाडेकरूला परत त्याच जागेत आणायचं, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. तुमच्याकडे भाडेकरू असतील तर वकिलाकडून समजून घ्या. आम्ही आणि भाडेकरू दोघंही एकमेकांना घाबरून राहिलो.

---

नगररचना_निवृत्त

मी नगररचना खात्यात नोकरी केली. हळदवाल्यांच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर देतो.

होय, सबंध आळीला संरक्षण देता येतं. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्यातल्या बहुतेक शहरांसाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, तिच्यातही वारसा वास्तू आणि वारसा परिसर अशी तरतूद आहे. परिसर हा शब्द लक्षात ठेवा. एकेका घरासाठी भांडलात तर हराल, कारण एकटं घर दरवेळी सामान्यच ठरतं. ओळ म्हणून, घाटासह, मागितलीत तर अर्थ आहे. प्रारूप यादी, हरकती-सूचना, समितीची शिफारस आणि शासनाची मंजुरी असा तो प्रवास असतो. विकास योजना नव्यानं तयार होत असेल तर १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम २६ खाली ती प्रसिद्ध होते तेव्हा हरकतीसाठी ३० दिवस मिळतात. योजना लागू असेल तर कलम ३७ खाली फेरबदलाचा मार्ग आहे.

पण तुम्ही न विचारलेल्या एका गोष्टीवर जास्त लिहितो. विकास योजनेचा नकाशा काढा आणि तुमच्या आळीवर रस्तारुंदीची रेषा मारली आहे का ते बघा. जुनी गावठाणं मोडायला ही रेषा सगळ्यात जास्त कारणीभूत आहे, असं माझं इतक्या वर्षांचं मत. रेषा नुसती कागदावर असते, तिच्यासाठी कोणी घर पाडायला येत नाही. पण जो नवीन बांधायला अर्ज करतो त्याला रेषेपर्यंत मागं सरकावं लागतं. एक घर सहा फूट मागं, शेजारचं जुन्या जागी, तिसरं मागं. वीस वर्षांत रस्ता रुंद होत नाही, ओळ मात्र दात पडल्यासारखी होते, आणि मोकळ्या खाचांमध्ये मोटारी उभ्या राहतात. वारसा परिसर जाहीर झाला की त्यातली रस्तारुंदी बदलता किंवा रद्द करता येते. सबंध आळीला फायदा होईल आणि कुणाच्या खिशाला चाट बसणार नाही अशी ही एकच मागणी आहे. तिच्यावर सह्या गोळा करा, लोक देतील.

दुसरं नदीचं. पाटबंधारे खातं दोन पूररेषा आखतं. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला मनाई. तिथलं जुनं अधिकृत घर पाडून परत बांधायचं तर पाटबंधारे खात्याचा ना-हरकत दाखला आणि पूरपातळीच्या वर जोतं, अशा अटी येतात. घाटालगतच्या हिस्सेदारांना हे नीट समजावून सांगा. फ्लॅट आणि गाळ्यांचं जे चित्र ठेकेदार दाखवतो ते त्या जागेवर मंजूर होईलच असं नाही. पाडलेलं घर परत मिळेल हे गृहीत धरू नये.

टीडीआरबद्दल, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्काबद्दल, कोणीतरी विचारेलच. यादीतल्या वास्तूच्या मालकाला न वापरलेला चटई क्षेत्राचा हक्क विकता येतो हे खरं, पण छोट्या गावात तो घेणारा बिल्डर लागतो आणि त्याला तेवढी गरज असावी लागते. त्यावर हिशोब मांडू नका.

---

हळदवाला_वाई

सगळ्यांचे मनापासून आभार. कसब्यातले दादा, राग कसला, तुम्ही लिहिलंत ते माझ्या घरात रोज घडतंय. माझी बायको हेच म्हणते.

नगररचनावाले काका, रस्तारुंदीचं डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या आळीत नवीन झालेल्या दोन इमारती मागं सरकलेल्या आहेत आणि पुढं खरंच गाड्या लागतात. कारण आज कळलं.

ताई, गिलावा सिमेंटचाच आहे, आणि रस्ता आमच्या पहिल्या पायरीच्या बरोबरीला आलाय. लहानपणी तीन पायऱ्या चढून दुकानात जायचो.

हिस्सेदारांचं कोणी लिहा की. माझं घोडं तिथंच अडलंय.

---

शेजारीण_फोंतेन्यास

पणजीहून लिहितेय. आमच्या फोंतेन्यासचं नाव सगळे उदाहरण म्हणून घेतात, म्हणून दोन शब्द. पणजी १८४३ मध्ये राजधानी झाली, त्या काळात वाढलेली ही वस्ती. पोर्तुगीज अमलात दर पावसाळ्यानंतर घर रंगवायचा दंडक होता आणि पांढरा रंग चर्चसाठी राखलेला, त्यातून आमच्या भिंतींचे ते निळे-पिवळे-तांबडे रंग आले. रंग नुसता शोभेचा नव्हता. वर्षातून एकदा प्रत्येक भिंतीवरून कोणाचा तरी हात फिरायचा, भेग लहान असतानाच दिसायची. तुमच्याकडे दसरा-दिवाळीच्या आधी आळीनं मिळून एक दिवस भिंती-पन्हळी तपासायचा रिवाज पाडता आला तर पाहा.

पण आमच्याकडून सावधगिरीही घ्या. घरं राहिली, आणि आता दिवसभर दाराशी फोटो काढणारे. खिडकीच्या चौकटीवर बसतात, नवरा-नवरीचे शूट चालतात, दुपारी म्हातारी माणसं झोपू शकत नाहीत. लोकांनी दारांवर "फोटो काढू नका" अशा पाट्या लावल्यात. घर राहायला ठेवण्यापेक्षा पाहुण्यांना दिवसावर देणं परवडतं, मग राहणारे निघून जातात. वाई-मेणवलीला सिनेमाची शूटिंगं होतात हे आम्हालाही माहीत आहे. परिसर जाहीर व्हायच्या आधीच नियम करून घ्या: शूटिंगला किती वाजेपर्यंत परवानगी, आणि त्या पैशातला वाटा आळीच्या दुरुस्तीला. नंतर करायला गेलात तर कोणी ऐकत नाही. किराणा, दळण, शिंपी, तुमचं हळदीचं दुकान, हे जोवर तिथं चालतंय तोवर ती आळी आहे. त्यांना जपा.

---

माहेर_कृष्णाकाठी

मी दुसऱ्या बाजूची हिस्सेदार आहे. माहेर तुमच्याच गावात, मी ठाण्याला. आमच्या वाड्याच्या कागदावर माझं नाव आहे आणि गेली कित्येक वर्षं भाऊ माझ्या सहीची वाट बघतोय. मी का देत नाही ते सांगते, म्हणजे तुमची ठाण्या-पुण्याची माणसं कळतील.

पैशाचा लोभ नाही. मला कधी काही विचारलंच जात नाही. फोन येतो तो "सही हवी" म्हणून. कशावर, कशासाठी, त्याचा कागद आधी कोणी पाठवत नाही. हक्कसोडपत्र करून दे म्हणतात, म्हणजे माझं नावच पुसायचं. वडिलांच्या घरावरचं नाव मी का पुसू? वर्षातून दोन दिवस उत्सवाला गेले तर माजघरात अंथरूण मिळतं, तेवढाच माझा हिस्सा आहे आणि तो मला हवाय.

भाऊबंद म्हणून सल्ला देते. सही मागायला जाऊ नका, हिशोब घेऊन जा. आजवर छपरावर, लाकडावर किती घातले त्याची वही सगळ्यांना दाखवा. आमच्या भावानं ती दाखवली असती तर मी लाजून पैसे पाठवले असते. मालकी जशी आहे तशी राहू द्या. वकिलाकडून एवढाच करार करून घ्या की दुरुस्तीचं पाहायचं काम अमुक एकाचं, कुलमुखत्यारपत्र फक्त दुरुस्ती आणि अर्जांपुरतं, विकायचा अधिकार त्यात नाही. ज्यानं खर्च केला त्याची नोंद, पुढंमागं वाटणी झालीच तर तो खर्च आधी वळता. आणि ज्याला वर्षातून यायचंय त्याच्यासाठी एक खोली कायम. अशा कागदावर मी उद्या सही करीन.

---

कसब्यातला_वारस

ताई, हे आमच्या घरात कोणी आठ वर्षांपूर्वी बोललं असतं तर! आमचे काका शेवटपर्यंत याच एका गोष्टीवरून अडून बसले होते.

---

हळदवाला_वाई

माहेर_कृष्णाकाठी ताई, तुमचं लिहिलेलं बायकोला वाचून दाखवलं. बडोद्याची आत्या नेमकी हेच म्हणत असणार, मी तिला कधी विचारलेलं नाही. खर्चाच्या वह्या आहेत, दुकानाच्या वह्यांबरोबरच ठेवतो. त्यांचे फोटो काढून या आठवड्यात बाराही जणांना पाठवतो, सहीचा शब्दही न काढता. विक्रीचा अधिकार वगळून मुखत्यारपत्राचा मसुदा करायला ओळखीच्या वकिलांना सांगितलंय.

शेजाऱ्यांनी नोटिशीला उत्तर द्यायचं ठरवलंय. टेकूसाठी वासे मी देतोय, गोदामात पडून आहेत. विकास योजनेच्या नकाशाची प्रत मागायचा अर्ज लिहिला आहे. ती हातात आली की रस्तारुंदीवर आळीची बैठक घेऊ, आणि रस्ता खरवडून खाली घ्यायची मागणीही त्याच निवेदनात घालू.

चुना_आणि_माती ताई, एवढं सांगा: सिमेंट खरवडायला आमच्याकडचे गवंडी छिन्नी-हातोडा नाहीतर मशीन लावणार. मशीनचे हादरे भेंड्यांच्या भिंतीला चालतील का?

---

चुना_आणि_माती

मशीन अजिबात नको. छिन्नी आडवी धरून, वरून खाली, हातभर रुंदीचा एकेक पट्टा. जिथं सिमेंट मातीला घट्ट धरून बसलंय तिथं ओढू नका, भेंडा सोबत निघेल. तो तुकडा तसाच ठेवा, एक पावसाळा गेला की तो आपोआप सुटतो. आणि काम होळीनंतर सुरू करा, म्हणजे भिंतीला वाळायला पूर्ण उन्हाळा मिळेल. तुमच्या भागात चुन्याचं काम केलेले दोन गवंडी मला माहीत आहेत, व्यक्तिगत संदेशात कळवते.